भाजीचा रतीब

दुधाचा आणि वर्तमानपत्राचा रतीब कोपरखैरण्याच्या प्रत्येक इमारतीत पहाटे चालू असतो, आणि तो इतका अंगवळणी पडलेला आहे की, हा एक करार आहे याचे भानही कोणाला राहत नाही. भाजीपाल्याचाही असाच रतीब लावता येतो. हंगामाच्या आरंभी काही कुटुंबांनी एखाद्या जवळच्या शेतकऱ्याशी बोलणी करावी, त्याच्या लागवडीच्या खर्चाचा आपापला हिस्सा त्याला आगाऊ द्यावा, आणि त्या मोबदल्यात दर आठवड्यास, ठरलेल्या वारी, शेतात त्या आठवड्यात जे तयार झाले असेल त्यातील आपल्या वाट्याची पेटी घ्यावी, असे या व्यवस्थेचे थोडक्यात स्वरूप आहे. पेटीत काय यावे हे जमिनीने आणि पावसाने ठरवावे, या एका अटीत तिचा सारा जीव आहे. ती अट काढून घेतली की उरते ती केवळ घरपोच भाजी, आणि घरपोच भाजी पुरविणाऱ्यांची आज या शहरात वाण नाही.

हा विषय समजून घेण्यास कोपरखैरण्याइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. पश्चिमेस ठाण्याची खाडी, पूर्वेस ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे पारसिकचा डोंगर, आणि या दोहोंमधल्या सखल पट्टीत आगरी-कोळी समाजाची भातशेती, मिठागरे व मासेमारी, असा हा मुलूख एके काळी होता. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली, 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाच्या कक्षेत आल्या, आणि बांध घालून खाडीचे खारे पाणी ज्यांनी पिढ्यानुपिढ्या अडवून धरले होते, त्यांची शेते सेक्टरांच्या क्रमांकांखाली गेली. पुढे मुंबईच्या घाऊक बाजारपेठेनेही खाडी ओलांडली. कांदा-बटाट्याचा बाजार 1981 मध्ये, धान्य-मसाल्याचा 1991 मध्ये आणि भाजीपाला व फळे यांचा 1996 मध्ये वाशी-तुर्भ्यास आला; आणि त्या बाजारात ज्यांच्या पाठीवरून माल उतरतो, त्या सातारा-सांगलीकडच्या माथाडी कामगारांची घरे कोपरखैरणे आणि घणसोली येथे झाली. परिणामी, इथला रहिवासी पूर्वीच्या शेतावर राहतो, राज्यातील सर्वांत मोठ्या भाजीबाजाराच्या शेजारी राहतो, आणि तरीही आपल्या ताटातली मेथी कोणाच्या रानातून आली, हे सांगणे त्याला अशक्य असते.

याचे कारण बाजाराच्या रचनेतच आहे. नारायणगाव, नाशिक किंवा साताऱ्याकडे दुपारनंतर तोडलेला माल टेम्पोत भरला जातो, रात्री घाट उतरतो, उजाडण्यापूर्वी गाळ्यावर लागतो, आणि ज्या शेतकऱ्याने तो पिकविला तो बहुधा गावीच असताना त्याचा भाव ठरून जातो. माल नाशिवंत असल्यामुळे भाव न पटल्यास तो परत नेण्याचा पर्याय त्याच्यापाशी नसतो. रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, ग्राहक टोमॅटोसाठी जो रुपया खर्च करतो त्यातील सुमारे 33 पैसे, कांद्याच्या बाबतीत 36 आणि बटाट्याच्या बाबतीत 37 पैसे शेतकऱ्याच्या पदरी पडतात, असा अंदाज मांडलेला आहे. उरलेले सारे पैसे कोणीतरी गिळले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तथापि ते न्यायाचे होणार नाही. त्यांत वाहतूक आहे, हमाली आणि तोलाई आहे, आडत आहे, गाळ्याचे भाडे आहे, वाटेत कुजलेला व दबलेला माल आहे, आणि ऊन-पावसात हातगाडी लावून उभ्या राहणाऱ्या विक्रेत्याची रोजी आहे. माथाडी कामगारांना 1969 च्या कायद्याने जे संरक्षण मिळाले, ते दीर्घ लढ्यानंतर मिळालेले आहे, आणि या गावात राहून त्याविषयी अनादराने लिहिणे मला शक्य नाही. बाजाराचा खरा दोष माणसांच्या लोभाहून खोल आहे. बी जमिनीत पडते तेव्हा तिच्या पिकाला काय मिळेल, हे सांगण्याचे कोणतेही साधन बाजाराजवळ नाही. जुलै 2023 मध्ये शहरात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तो पाहून लागवड वाढली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला घाऊक बाजारात किलोमागे पाच रुपयांच्या आसपास भाव पत्करावा लागला. भाव पाहून जे पेरले, ते उगवेपर्यंत भाव उरलेला नव्हता.

या अनिश्चिततेवर उपाय म्हणून पेटीची कल्पना निघाली, आणि ती प्रथम जपानात रूढ झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्यामुळे मिनामाता येथे जो भीषण आजार पसरला, त्याने त्या देशातील गृहिणींच्या मनात अन्नाविषयी खोल संशय निर्माण केला होता. त्या वातावरणात 1971 मध्ये तेरुओ इचिराकु यांच्या पुढाकाराने तेथे सेंद्रिय शेतीची संघटना स्थापन झाली, आणि शेतकरी व ग्राहककुटुंबे यांच्यातील थेट सहकार्याची ‘तेइकेइ’ नावाची पद्धत वाढीस लागली. 1978 मध्ये या पद्धतीची दहा सूत्रे ठरविण्यात आली. शेतकऱ्याने पिकविलेले सर्व ग्राहकांनी स्वीकारावे, दोन्ही पक्षांनी एकमेकांचा विचार करून भाव ठरवावा, आणि वाटपाचे काम स्वतः करावे, असा त्यांचा रोख आहे. अमेरिकेत 1986 साली मॅसॅच्युसेट्समधील इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशायरमधील टेम्पल-विल्टन येथे अशीच शेते उभी राहिली. पहिल्या शेताची मालकीण रॉबिन व्हॅन एन हिने ही कल्पना पुढे देशभर पोहोचविली. दुसऱ्या शेताची रीत मला अधिक विचारणीय वाटते. तेथे वर्षाच्या आरंभी शेतकरी आपल्या खर्चाचा अंदाजी ताळेबंद सभासदांपुढे ठेवतात, आणि पेटीची किंमत म्हणून नव्हे, तर ज्याला जेवढे झेपेल तेवढे, अशा वचनांची बेरीज खर्चाइतकी होईपर्यंत सभा चालते. कोणी अधिक देतो, कोणी कमी. भाजी मात्र प्रत्येक जण आपल्या गरजेप्रमाणे नेतो.

महाराष्ट्रात या मार्गाने जाणाऱ्यांस बराच काळ कायद्याचीच अडचण होती. 1963 च्या कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीच्या नियमन कायद्यान्वये शेतमालाचा घाऊक व्यवहार बाजार समितीच्या आवारात व्हावा, असा दंडक होता; फळे आणि भाजीपाला यांना त्यातून 2016 मध्ये मुक्त करण्यात आले, आणि त्याच वर्षी राज्याच्या पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू केले. कांदा, मुळा आणि भाजी यांतच विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या त्या मळेकऱ्याचे नाव या योजनेला देण्यात औचित्य होते. त्यापूर्वीही धडपड झालेली आहे. मुळशी तालुक्यातील शेतकऱ्यांच्या अभिनव फार्मर्स क्लबने ज्ञानेश्वर बोडके यांच्या पुढाकाराने पुण्यातील घरांशी थेट विक्रीचे नाते जोडले. मुंबईत सेंद्रिय शेती करणारे शेतकरी आणि त्यांचे ग्राहक यांच्या संघटनेने 2010 च्या सुमारास ‘हरी भरी टोकरी’ हा उपक्रम चालविला, ज्यात आसपासच्या शेतांतील भाज्यांची टोपली सभासदांस आगाऊ वर्गणीवर दर आठवड्याला मिळे. परंतु ज्या प्रसंगाने ही गोष्ट कोपरखैरण्याच्या सामान्य गृहस्थाच्या दारात आणून उभी केली, तो 2020 चा. टाळेबंदीच्या काळात रोगाचा फैलाव रोखण्यासाठी वाशीचे बाजार 11 ते 17 मे या मुदतीत पूर्ण बंद ठेवावे लागले, आणि कृषी खात्याच्या मदतीने शेतकरी गटांचे टेम्पो थेट गृहनिर्माण संस्थांच्या फाटकांशी येऊ लागले. फाटकाशी उतरविलेल्या त्या पिशव्यांत वांगी, कोबी, टोमॅटो, मिरची असे जे भरलेले असे, ते निवड न करता घ्यावे लागे, आणि कोणी तक्रार करीत नसे. टाळेबंदी उठली, हातगाड्या परतल्या, आणि त्या ओळखींपैकी बहुतेक विरून गेल्या. ज्या थोड्या टिकल्या, त्यांच्यामुळे हे प्रकरण लिहावेसे वाटले.

कोपरखैरण्यास जवळचे शेत म्हणजे आता पनवेलच्या पलीकडचे, खालापूर-कर्जतचे, किंवा मुरबाड-शहापूरकडचे शेत. या पट्ट्यात वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पुढचे आठ महिने जमीन कोरडी. या एका वस्तुस्थितीने पेटीचे पंचांग आखले जाते. देशावर विहिरी व कालवे यांच्या आधाराने बारमाही कोबी-फ्लॉवर निघतो, आणि त्याच्या सवयीमुळे शहरातील माणसाला वर्ष म्हणजे एकच अखंड ऋतू वाटू लागलेला आहे. कोकणपट्टीच्या पेटीत मात्र दर पंधरवड्यास पान उलटते.

पावसाच्या पहिल्या सरींबरोबर जे येते, ते पेरलेले नसते. माळावरचा टाकळा, बांधावरचे कुर्डू, कातळाशेजारची फोडशी आणि जंगलातली शेवळे ही या वेळची संपत्ती, आणि ती शेतकऱ्याला ठाकर व कातकरी बायांकडून मिळते, कारण ती कोठे व केव्हा उगवते याचे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. अशा पेटीत आलेली शेवळांची जुडी आमच्या शेजारच्या घरात उघडली गेली, तेव्हा घाटावरून आलेल्या त्या कुटुंबातील कोणालाही तिचे काय करावे हे ठाऊक नव्हते. जांभळट आवरणात गुंडाळलेली, टोकाशी निमुळती अशी ती कोंबे एखाद्या फुलासारखी दिसत होती, आणि ती वस्तुतः सुरणाच्या जातीच्या एका रानकंदाची फुलेच असतात. गावठाणातील एका वृद्ध आगरी बाईंना बोलावणे गेले. त्यांनी बाहेरचे आवरण काढले, आतल्या दांड्याचा पिवळट दाणेदार भाग खुडून टाकला, उरलेला बारीक चिरला, आणि पेटीच्या तळाशी कागदात बांधलेल्या हिरव्या गोळ्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही काकडं हायेत, ती टाकल्याबिगर याला हात लावू नका, घसा धरंल.” शेवळात सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, ते घशात रुततात, काकडाच्या आंबट रसाने भाजीची ही खाज मारली जाते. शेतकऱ्याने भाजीबरोबर तिचा उतारा पाठविला होता, आणि तो वाचता येणारे माणूस इमारतीपासून हाकेच्या अंतरावर राहत होते. पेटी आली नसती, तर ही दोन घरे एकमेकांच्या स्वयंपाकघरात कधी गेली असती, असे मला वाटत नाही.

श्रावणापासून मांडवाचा माल सुरू होतो. शिराळी, पडवळ, कारली, दुधी, काकडी, कुंपणावरची कंटोळी, भाद्रपदात फुटणारा चिबूड. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, म्हणून परसातील अळू, माठ, भेंडी, मक्याची कणसे, लाल भोपळा एकत्र शिजविण्याची जी चाल आहे, ती त्या आठवड्याच्या पेटीशी ताडून पाहिली, तर व्रताच्या रूपाने टिकून राहिलेली ती एक हंगामी यादीच आहे, हे दिसून येते. भोगीच्या भाजीचेही तसेच. भात कापल्यावर जमिनीत जी ओल मागे राहते, तिच्यावर आणि पहाटेच्या दवावर वाल पोसतो. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. पौष-माघात त्याच्या कोवळ्या शेंगा निघतात, रायगडात शेताशेतांतून भांबुर्ड्याच्या पाल्यात पोपटीची मडकी लागतात, आणि पेटी त्या दिवसांत सर्वांत जड असते. वांगी, मुळा, माठ, मेथी, टोमॅटो, तुरीच्या शेंगा असे सारे एकदम येते, आणि सभासदांकडून पहिली कुरकुर याच काळात ऐकू येते की, एवढ्या मुळ्याचे करायचे काय. मुळ्याचा पाला, त्याच्या शेंगा अर्थात डिंगऱ्या, आणि मुळा, या तिन्हींच्या निराळ्या भाज्या ज्या घरात होतात, त्या घराला हा प्रश्न पडत नाही. फाल्गुनात अलिबागकडच्या पांढऱ्या कांद्याच्या विणलेल्या माळा येतात, आणि त्या टांगून ठेवायच्या असतात.

ताजेपणाविषयी फार काव्यमय बोलले जाते. त्यामागील कारण साधे आहे. तोडलेली भाजी मरत नाही, ती श्वास घेत राहते, आणि स्वतःतील शर्करा व जीवनसत्त्वे त्यासाठी खर्च करते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा खर्च साधारणतः दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून पहाटे, जमिनीतला व पानातला उष्मा उतरलेला असताना तोडलेली आणि दुपारपूर्वी घरात आलेली पालेभाजी, दुपारच्या उन्हात तोडून रात्रभर टेम्पोत दाबून आलेल्या भाजीपेक्षा अधिक दिवस टिकते. टोमॅटोचा भेद याहून निराळा: लांबच्या प्रवासासाठी तो रंग फिरताच तोडावा लागतो, जवळच्या पेटीसाठी तो झाडावर पिकू देता येतो.

आता पैशाविषयी. आगाऊ भरलेली रक्कम म्हणजे इसार नव्हे, कारण इसार दिल्यावर ठरलेली वस्तू ठरलेल्या मापाने मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो. इथे तसा हक्क नाही. तिचे साम्य असेल तर ते बटाईशी, ज्यात जमीनमालक आणि कसणारा येईल त्या पिकाचे वाटेकरी होतात आणि न येणाऱ्याचेही होतात. सरकारदप्तरी पिकाची पैसेवारी काढतात, आणि ती पन्नास पैशांच्या खाली उतरली की गावाला सवलती लागू होतात, अशी रीत ब्रिटिश अमदानीपासून, आणेवारीच्या नावाने, चालत आलेली आहे. पेटीच्या व्यवस्थेत ही पैसेवारी दर आठवड्यास सभासदाच्या ओट्यावर उमटते. परतीच्या पावसात मांडव कोसळला, तर दोन आठवडे पेटीत अळू आणि भोपळाच येतो. भेंडी भरभरून आली, तर भेंडीच भेंडी. सभासदाने हे सोसावे, त्याबद्दल वजावट मागू नये, आणि शेतकऱ्याने बाजारात भाव चढला असताना सभासदांचा वाटा तोडून तिकडे नेऊ नये, हा दुहेरी निर्बंध पाळला गेला तरच हा व्यवहार तरतो. दोन्ही बाजूंनी तो मोडला जातो. मला विशेष खेद वाटतो तो सभासदांबद्दल: महिन्याकाठी उपाहारगृहात विनातक्रार पैसे मोजणारी सुशिक्षित माणसे एका किडक्या वांग्यावरून शेतकऱ्यास दूरध्वनी करतात. कीटकनाशक नको आणि कीडही नको, या दोन मागण्या एकाच श्वासात करता येणार नाहीत.

कित्येक ठिकाणी पेटीवर शेताचे चित्र असते आणि आतील माल पहाटे घाऊक बाजारातूनच भरलेला असतो. त्यास ओळखण्याची माझी कसोटी अशी की, पेटी कधी उणी येते काय ते पाहावे. भर पावसाळ्यात जिच्यात फ्लॉवर, मटार आणि गाजर नियमाने निघते, ती कोकणच्या शेतातून आलेली असणे शक्य नाही. शेत दाखविण्यास नाखूश असणाऱ्याकडेही हंगामाचे पैसे भरू नयेत. आणि पहिला करार एखाद्याच हंगामाचा, बहुधा भाद्रपद ते माघ असा, करावा, कारण त्या मुदतीत या पट्ट्यातील जमीन सर्वांत उदार असते.

एक गोष्ट कोपरखैरण्यात राहताना हळूहळू लक्षात येते, ती अशी की, येथील पुष्कळ घरांना पेटी नवीन नाही. माथाडी वसाहतींत साताऱ्याकडून खासगी बसच्या टपावरून घेवडा, ज्वारी, भुईमुगाच्या शेंगा यांचा वानवळा येतो. भावाच्या शेतातला असतो, मोल नसते, आणि काय पाठवावे हे भाऊच ठरवितो. ज्याला गावी भाऊ नाही, किंवा ज्याच्या भावाने जमीन विकलेली आहे, त्याच्यासाठी पैसे मोजून उभे केलेले हे नाते आहे. त्यात रक्ताची खात्री नसल्यामुळे कबुलायत लेखी असलेली बरी: वार कोणता, वाटे किती, पेटी कोठे उतरवायची, सभासद गावी गेल्यास त्याचा वाटा कोणास द्यायचा, रिकामे क्रेट परत कधी करायचे, आणि शेतकऱ्याच्या घरी लग्न वा मर्तिक झाल्यास तो आठवडा कसा भरून काढायचा.

या महानगराची रोजची भूक हजारो टनांची आहे, आणि काही शेकडो कुटुंबांच्या पेट्यांनी वाशीच्या बाजाराचा एक गाळाही ओस पडणार नाही. तशी अपेक्षाही नसावी. मे महिन्यात कर्जत-मुरबाडच्या विहिरी तळ गाठतात, मांडव उतरवून ठेवलेले असतात, आणि पेटी बंद असते. फार तर करवंदे, कैऱ्या, फणसाची कुयरी, आणि कोणाच्या बांधावर शेवगा असल्यास त्याच्या शेंगा, एवढेच येते. त्या दिवसांत सभासदांच्या घरी देशावरची भाजी शिजते, आणि ती माथाड्यांच्याच पाठीवरून उतरलेली असते. शेतकरी मात्र याच सुमारास पुढील हंगामाची यादी घेऊन येतो, कारण बियाणे, शेणखत आणि मांडवाचे बांबू मिरगापूर्वी घ्यावे लागतात, आणि त्यासाठी त्याला सावकाराकडे जावे लागू नये, हाच आगाऊ रकमेचा पहिला उपयोग आहे.